उघाडी कुणाच्या हाती?

आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या मासळीत सर्वांत मोठा वाटा कुणाचा, असे कुणी विचारले तर आपण कोकणातली मंडळी चटकन पापलेटाचे किंवा सुरमईचे नाव घेऊ. प्रत्यक्षात तो मान कोळंबीचा आहे. २०२३-२४ या एका वर्षात भारताने सुमारे ६०,५०० कोटी रुपयांची मासळी परदेशी पाठवली. त्यांतले सुमारे ४०,००० कोटी रुपये एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते. ही बहुतेक कोळंबी समुद्रात जाळे टाकून धरलेली नसते. किनाऱ्यालगत तळी खोदून, त्यांत खारे किंवा मचूळ पाणी घेऊन, खाद्य घालून ती पोसलेली असते.

एवढा मोठा आकडा समोर आला की त्याला प्रश्न विचारण्याचे धाडस सहसा कुणाला होत नाही. ‘परकीय चलन’ हा शब्दच असा आहे की तो उच्चारला की वाद मिटतो. दुसरीकडे निसर्गाचा कैवार घेणारी काही मंडळी कोळंबीच्या तळ्याचे नाव काढताच कानांवर हात ठेवतात. एकाला कोळंबी म्हणजे कामधेनू, तर दुसऱ्याला ती पूतना! मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि त्याच्याही आधी खारेपाटातल्या एका भात पिकवणाऱ्या घरातला मुलगा आहे. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कारण खारे पाणी हा काही आमचा जन्माचा वैरी नव्हे, की सोयराही नव्हे. ते शेतात केव्हा यावे, किती यावे आणि केव्हा बाहेर जावे हे ज्याच्या हाती असते, त्याच्यावर सारे अवलंबून असते. म्हणून ‘भात की कोळंबी’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. उघाडी कुणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी उघाडी म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. खाडीकाठची सपाट जमीन उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जाते. तिच्याभोवती मातीचा बांध घालून ते पाणी अडवले आणि काही पावसाळे मीठ धुऊन जाऊ दिले, की तिथे भात होऊ लागतो. पण पावसाचे पाणी बाहेर जायलाही वाट हवीच. म्हणून बांधात मोरी ठेवून तिला झडप बसवतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते. भरती आली की बाहेरच्या दाबाने ती मिटते. हीच उघाडी. गोव्यात तिला मानस म्हणतात. दिसायला ही चार फळ्यांची करामत. पण तिच्यामागे शेकडो वर्षांची शहाणीव उभी आहे.

या शहाणिवेत माशाला वैरी मानलेले नव्हते. आमच्याकडे काळा राता, भुरा राता यांसारखी खार सोसणारी तांबड्या तांदळाची भाते होती आणि त्यांच्याच शेजारी, शेतातल्या तळ्यांत, जिताडाही वाढत असे. उन्हाळ्यात बांधाची डागडुजी घरटी माणूस देऊन सर्वांनी मिळून करायची. या सामाईक कामाला ‘जोळ’ असे नाव होते. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजण जमीन आहे. तेथे बांध, मानस आणि शेत यांची व्यवस्था गावकरी संस्था पाहत. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले; पण संस्था त्यांच्या आधीपासूनची. मानशीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी जाळे लावून मासे-कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई आणि त्यातून येणारा पैसा बांधांच्या कामी लागे. म्हणजे मासळीने बांध राखायचा आणि बांधाने भात राखायचे, असा हा सोपा हिशेब होता.

या पद्धतीचे सर्वांत रेखीव रूप पाहायचे तर केरळात जावे लागते. एर्नाकुलम, अलप्पुळा आणि त्रिशूर या जिल्ह्यांच्या पाणथळ पट्ट्यात ‘पोक्काळी’ नावाचा उंच वाढणारा, खार सोसणारा भात पिकतो. २००८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जूनमध्ये मृगाच्या पावसाने जमिनीतले मीठ उतरले की उंचवट्यांवर बी पेरायचे. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी. तीही फक्त कणसांची. ताटे तशीच पाण्यात कुजू द्यायची. मग नोव्हेंबरापासून झडपा उघडून भरतीचे पाणी आत घ्यायचे. त्याबरोबर कोळंबीची पिल्ले येतात, कुजलेल्या ताटांवर पोसतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत धरली जातात. कोळंबीची विष्ठा आणि गाळ पुढच्या भाताला खत होतो. ना रासायनिक खत, ना कीडनाशक, ना विकतचे खाद्य. तेथील सरकारनेही या पट्ट्यासाठी ‘एक भात, एक मासा’ असेच धोरण ठेवले आहे. भात आणि कोळंबी यांचे मुळात हाडवैर असते, तर ही जोडी शतकानुशतके नांदली असती काय?

मग बिघडले कोठे?

बिघडले ते १९८० नंतर. जपान, अमेरिका आणि युरोप येथील श्रीमंत ताटांना बारमाही कोळंबी हवी झाली. वाघी कोळंबीची पिल्ले उबवणी केंद्रांत तयार होऊ लागली, कारखान्यात खाद्य बनू लागले आणि चार-पाच महिन्यांत पीक हाती येऊ लागले. भाताच्या एकरातून जे वर्षभरात सुटत नव्हते, ते कोळंबीच्या एका पिकात सुटू लागले. साहजिकच पैसा किनाऱ्याकडे धावला. पण या नव्या तळ्याची रीत पोक्काळीच्या अगदी उलट होती. पोक्काळीत खारे पाणी पाहुणा म्हणून येई आणि पावसाळ्यापूर्वी निघून जाई. नव्या तळ्यात ते कायमचे बिऱ्हाड करून राहिले. दाटीने पिल्ले सोडायची, वरून खाद्य ओतायचे, उरलेले खाद्य व विष्ठा यांनी पाणी बिघडले की ते खाडीत सोडून द्यायचे आणि नवे घ्यायचे. तुमचे सोडलेले पाणी तेच शेजाऱ्याचे घेतलेले पाणी! रोगाला याहून सोयीची वाट कोणती असणार?

आणि रोग आलाच. तैवान या धंद्यातला पहिला गडी. १९८७ साली शिखरावर असलेले तेथील उत्पादन १९८८ मध्ये निम्म्याच्याही खाली घसरले. आपल्याकडे १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आंध्र आणि तमिळनाडूतली तळीच्या तळी काही दिवसांत मोकळी केली. २००९ पासून वाघी कोळंबीऐवजी व्हेनामी ही मुळात अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात पाळण्यास परवानगी मिळाली. उत्पादन पुन्हा भराभर वाढले हे खरे. पण तिच्या जनक कोळंब्या परदेशातून आणून चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून पुढे जाऊ लागल्या. बी परदेशचे, गिऱ्हाईक परदेशचे, भावही परदेशात ठरणार; आपली फक्त जमीन आणि जोखीम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत चढवले, तेव्हा आंध्रातल्या तळेवाल्यांच्या पोटात गोळा उठला, तो याच कारणाने. भात मात्र असा एका देशाच्या एका हुकुमाने बेवारशी होत नाही. निदान तो पिकवणाऱ्याला खाता तरी येतो.

तळेवाल्याचे नुकसान झाले तर तो त्याच्या धंद्याचा धोका, असे म्हणून सोडून देता येईल. पण ज्यांचा धंद्याशी काडीचाही संबंध नाही त्यांचे काय? तमिळनाडूतील नागपट्टिनम हा कावेरीच्या मुखाकडचा, भाताचे कोठार म्हणून नावाजलेला भाग. तेथे भूमिहीन मजुरांना जमीन मिळवून देण्यासाठी एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ हे सर्वोदयी दांपत्य अनेक वर्षे झटत होते. १९९० नंतर त्याच भागात कोळंबीची तळी पसरू लागली. शेजारच्या शेतात खार झिरपू लागली, विहिरींचे पाणी तोंडात धरवेना, कोळ्यांची किनाऱ्याकडे जायची वाट कुंपणांनी अडली आणि लावणी-कापणीचे काम गेल्याने मजूर रिकामे झाले. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, म्हणजे आपल्या ‘नीरी’ला, पाहणी करायला सांगितले. कोळंबीच्या विक्रीतून जे मिळते त्यापेक्षा निसर्गाची आणि लोकांच्या उपजीविकेची हानी जास्त आहे, असा या पाहणीचा निष्कर्ष होता. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातली नवी तळी बंद करावीत, पारंपरिक पद्धती मात्र चालू ठेवाव्यात. शेतजमीन, मिठागरे, कांदळवने आणि गावाच्या सामाईक जमिनी तळ्यांसाठी वापरू नयेत. आणि ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई द्यावी, असे न्यायालयाने बजावले. पारंपरिक आणि नवी हा भेद न्यायालयाने केला, तो मला फार मोलाचा वाटतो.

निकाल लागला, पण न्याय झाला काय? २००५ साली संसदेने किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा केला आणि या धंद्यापुरती ती बंदी सैल केली. २०२३ च्या दुरुस्तीने ती वाट आणखी रुंद झाली. कायद्यात नोंदणी आहे, नियम आहेत, तपासणीही आहे. मात्र शेजारच्या शेतकऱ्याची संमती हा त्याचा पाया नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

शेजाऱ्याच्या संमतीवाचून खारे पाणी आत आले की काय होते, याचा सर्वांत कडवट धडा बांगलादेशाने दिला आहे. खुलना, सातखिरा आणि बागेरहाट हा त्याचा नैर्ऋत्य कोपरा म्हणजे सुंदरबनाला लागून असलेला, आपल्या खारेपाटाचाच थोरला भाऊ म्हणावा असा प्रदेश. १९६० नंतरच्या दशकात, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या काळात, तेथे भातासाठी परदेशी कर्ज घेऊन शंभराहून अधिक वर्तुळाकार बांध घातले गेले. त्यांना ‘पोल्डर’ म्हणतात. १९८० नंतर याच बांधांच्या आत वाघी कोळंबीसाठी, म्हणजे तेथील ‘बागदा चिंगडी’साठी, मुद्दाम खारे पाणी घेण्यात येऊ लागले. खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी घातलेला बांध ते आत कोंडण्यासाठी वापरला गेला! एका मोठ्या माणसाने आपल्या शेतात पाणी घेतले की भोवतालच्या लहान शेतकऱ्यांचे भात आपोआप बुडे. मग त्याने मिळेल त्या खंडाने जमीन देऊन टाकावी, दुसरा इलाज नाही. झाडे वाळली, चारा संपला, गुरे विकली गेली, बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागले.

बावीस क्रमांकाच्या पोल्डरातल्या लोकांनी मात्र हे पाणी आत येऊ दिले नाही. ७ नोव्हेंबर १९९० रोजी हरिणखोला येथे कोळंबीवाल्यांची माणसे चालून आली, तेव्हा करुणामयी सरदार नावाची भूमिहीन स्त्री मोर्चाच्या अग्रभागी होती. ती तेथे मारली गेली. तिच्या स्मरणार्थ आजही तेथे दर वर्षी लोक जमतात. त्या पोल्डरात भात राहिला, भाजी राहिली, गुरे राहिली. शेजारच्या तेवीस क्रमांकाच्या पोल्डरात खारे पाणी शिरले आणि तेथला हिरवा रंग ओसरला. माती तीच, नदी तीच. मग फरक कशाचा? उघाडीवर कुणाचा हात होता त्याचा.

पुढे २५ मे २००९ रोजी ‘ऐला’ चक्रीवादळ आले. ज्या बांधांत कोळंबीसाठी भोके पाडून नळ घातले होते ते ठिकठिकाणी कमकुवत झालेले होतेच, ते फुटले. कित्येक गावे दीड-दोन वर्षे भरती-ओहोटीच्या पाण्यात राहिली. कोळंबीच्या नफ्याच्या वहीत या फुटलेल्या बांधांचा खर्च कुठल्या पानावर मांडलेला असतो, हे कुणी दाखवील काय?

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. आपल्या पाठ्यपुस्तकात ‘बाह्य परिणाम’ नावाचा एक धडा आहे. परीक्षेपुरती आपण त्याची व्याख्या पाठ करतो. कोळंबीचे तळे हा त्या धड्याचा जिवंत दाखला आहे. नफा तळेवाल्याच्या खिशात जातो. खारट विहीर, वाळलेले नारळ, मासे कमी झालेली खाडी आणि बुडालेली मजुरी हा खर्च मात्र इतरांच्या माथी येतो. भाताच्या एकराला नांगरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी अशी हातांची कितीतरी कामे लागतात आणि त्यांतली बरीच बायकांची असतात. त्याच एकराचे तळे झाले की दोन-तीन रखवालदार पुरतात. भातामागून पेंढा येतो, पेंढ्यामागून गुरे, गुरांमागून दूध आणि शेण. तळ्यामागून काय येते? कुंपण! राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात कोळंबी वाढते. पेंढा, दूध आणि गोड विहीर कमी झाल्याची नोंद त्यात कुठेच होत नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख एकांगी ठरेल. ‘शेतकऱ्याला स्वतःलाच कोळंबी हवी असेल तर तुम्ही कोण अडवणारे?’ असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. व्हिएतनाममध्ये, मेकाँग नदीच्या मुखाकडील बाक लियू प्रांतात, सरकारने भातासाठी खारे पाणी अडवणाऱ्या झडपा बांधल्या. तेथील पश्चिम भागातले शेतकरी मात्र वाघी कोळंबीवर चार पैसे मिळवू लागले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी चिडून एक मोठा बांधच फोडला आणि खारे पाणी आत घेतले. म्हणजे खुलन्यात लोक खारे पाणी येऊ नये म्हणून मेले, आणि बाक लियूत ते यावे म्हणून लोकांनी बांध फोडला! वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण दोन्हीकडे तक्रार एकच होती: आमच्या शेतातल्या पाण्याचा निर्णय आम्हांला न विचारता घेतला गेला. बाक लियूत पुढे सरकारने शहाणपणाने माघार घेतली. एका भागात भात, दुसऱ्या भागात कोळंबी अशी विभागणी मान्य करून झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या याचे वेळापत्रक बदलले. कोरड्या दिवसांत कोळंबी आणि पावसात भात अशी आलटून-पालटून शेती मेकाँगच्या मुखाकडे आज मोठ्या प्रमाणावर चालते.

आमच्या शेजारच्या काकांचे एक वाक्य मला या संदर्भात नेहमी आठवते. त्यांनी आपली जमीन तळ्यासाठी भाड्याने दिली, तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. ते शांतपणे म्हणाले, “बाळा, भातानं पोट भरतं, पोरांच्या फिया भरत नाहीत.” या वाक्याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही आणि ज्यांच्यापाशी आहे असे वाटते त्यांनी एकदा खारेपाटात एक हंगाम काढून पाहावा. खारजमिनीत वर्षाला एकच पीक. मजुरी वाढलेली, हात शहराकडे गेलेले, बांध दुरुस्तीची वाट पाहून थकलेले. एकदा उधाणात खांड पडली की पुढचे काही हंगाम शेत पडीक. त्या पडीकात खारफुटी उगवली की ती तोडण्यास कायद्याने बंदी, म्हणजे शेत परत मिळण्याची आशाही मावळली. अशा शेतकऱ्याने महिन्याकाठी हाती पडणारे भाडे नाकारावे, असा उपदेश करणे सोपे आहे. उपदेशकाची जमीन बहुधा डांबरी रस्त्याच्या कडेला असते.

पण या प्रश्नाची गोम अशी की काकांची जमीन त्यांची असली, तरी त्यांच्या तळ्यातून झिरपणारे पाणी फक्त त्यांचे नसते. जमिनीला सातबारा आहे, पाण्याला नाही. बांधाच्या आत पन्नास खातेदार असतील आणि एकाने बारमाही खारे पाणी घेतले, तर उरलेल्या एकोणपन्नासांच्या भाताचा निर्णय त्याने परस्पर घेतल्यासारखे होते. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या शेतकऱ्याच्या इच्छेवर सोडता येत नाही आणि सरसकट बंदीनेही सुटत नाही.

मधली वाट असते, हेही बांगलादेशानेच दाखवले आहे. बागेरहाटच्या परिसरात १९८० नंतर लहान शेतकऱ्यांनी आपणहून एक पद्धत बसवली. शेताच्या कडेने चर खणायचा, चराच्या मातीचा रुंद बांध करायचा, मध्ये भात, चरात गोड्या पाण्याची मोठी कोळंबी आणि बांधावर भोपळा, काकडी, पडवळ. त्या कोळंबीला तेथे ‘गलदा’ म्हणतात. एकाच वाफ्यात भात, मासळी आणि भाजी! यालाही गालबोट आहेच. कोळंबीच्या खाद्यासाठी पाणथळीतल्या गोगलगायी बेसुमार काढल्या गेल्या आणि गरीब घरांवर पिल्लांसाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा चढला. बाजारही परका: १९९७ साली युरोपने स्वच्छतेच्या कारणावरून बांगलादेशची कोळंबी सुमारे पाच महिने बंद केली, तेव्हा सगळेच पोळले. पण येथे गोडे पाणी गोडेच राहिले, जमीन कसणाऱ्याच्या हाती राहिली आणि भाव पडला तरी घरात भात होता. दोष पदरात असूनही ही पद्धत मला खुलन्याच्या तळ्यांहून कितीतरी बरी वाटते.

उलट, नुसती परंपरा म्हणून कोणतीही गोष्ट टिकत नाही, हेही विसरून चालणार नाही. केरळात पोक्काळीचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने फारच आक्रसले आहे. कोळंबीचा भाडेकरू एप्रिलनंतरही खारे पाणी सोडायला राजी नसतो आणि मालकाला भातापेक्षा भाडे गोड लागते. गोव्यात मानशीचा लिलाव घेणारा अधिक मासळीसाठी जास्त पाणी आत घेतो, झडप हवी तेव्हा मिटत नाही, बांधाला भगदाड पडते आणि खाजण बुडते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. लिलावातला पैसा बांधासाठी होता. पैसा राहिला, बांध विसरला गेला. जुनी संस्था मोडली आणि तिच्या जागी नवी जबाबदार संस्था उभी राहिली नाही, की पोकळीत ठेकेदार शिरतो.

महाराष्ट्रात कोळंबीची तळी आंध्राच्या मानाने थोडी आहेत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ती विखुरलेली आहेत. म्हणूनच विचार करायला हीच वेळ योग्य आहे. घर पेटल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. आणि खारेपाटाला हा प्रश्न नवाही नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे १९३३ पासून तब्बल सहा वर्षे कुळांनी जमीन पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. राबणाऱ्याच्या हाती जमीन असावी, हा तो लढा होता. त्याच जमिनीत येणाऱ्या पाण्यावर राबणाऱ्याचा शब्द चालावा, हा त्याचा उरलेला भाग आहे असे मी समजतो.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी सुचतात. पहिली, एका बांधाच्या आतली उघाडी ही त्या बांधाआतल्या सर्वांची मानावी. खातेदार, कूळ, मजूर, खाडीत जाळे टाकणारा कोळी आणि यांच्या घरातल्या बायका, या सर्वांना तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क हवा. दुसरी, पावसाळा भाताचा. खारे पाणी घ्यायचेच तर ते कापणीनंतर, आणि पावसापूर्वी अमुक तारखेला बाहेर, हे आधी ठरलेले असावे. तिसरी, ज्याला बारमाही तळे करायचे असेल त्याने शेजाऱ्यांची लेखी संमती घ्यावी, भोवती झिरप अडवणारा चर खणावा, सांडपाणी निवळल्याशिवाय खाडीत सोडू नये आणि जमीन पुन्हा गोडी करण्याची अनामत आधी भरावी. चौथी, कांदळवनाला हात लावू नये. उधाणाचा पहिला तडाखा तेच झेलते. पाचवी गोष्ट सरकारची. १९७९ चा खारजमीन विकासाचा कायदा आहे. त्याखालच्या बांधांची दुरुस्ती खांड पडण्याआधी व्हावी, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या जातींच्या भाताला, तसेच जुन्या तांबड्या राताला, त्यांच्या कष्टाचा भाव मिळावा. भाताने मुलांची फीही भरता आली, तर कुणी हौसेने आपल्या शेतात मीठ भरणार नाही.

यांतले काहीही आकाशातून उतरणारे नाही. महाराष्ट्रदिनी, पावसाळ्याच्या तोंडावर, गावोगावी ग्रामसभा भरते. तेथे रस्ता, नळ आणि दिवे यांवर तास तास चर्चा होते; उघाडीचा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच असतो. तो तेथे यावा म्हणून लेखी अर्ज द्यावा लागतो आणि अर्ज लिहिण्याइतके शिक्षण या महाविद्यालयाने आपल्यापैकी प्रत्येकाला दिले आहे. खारेपाटातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत आपापल्या गावाच्या उघाडीसंबंधी तीन प्रश्न विचारावेत: ती दुरुस्त आहे काय, ती कोण उघडतो, आणि कुणाला विचारून?